चेहऱ्यावरचा पांढरा चौकोन

फोटोबाईंना माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत, असं विद्यापीठातल्या त्यांच्या इंग्रजी विभागात सगळे म्हणत, आणि त्यात थट्टा थोडी, तथ्य जास्त होतं. शेजारीण नवे बूट घालून समोर आली की बाई तिच्याकडे परक्यासारखं बघून पुढे जात. तीच शेजारीण दुसऱ्या दिवशी जुने बूट घालून दिसली की तिला हाताला धरून थांबवत, "अगं, आहेस कुठे? काल दिवसभर दिसली नाहीस!" शेजारणीनं हे इतक्यांदा सोसलं होतं की शेवटी तिनं बूटच बदलायचे सोडले.

बाईंचा विषय म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक अल्पसंख्याकांचं साहित्य आणि त्या साहित्यातली छायाचित्रं. नाव लांबलचक असलं तरी गोष्ट साधी होती. अमेरिकेत पोटासाठी समुद्र ओलांडून गेलेली, साखळ्या घालून नेलेली किंवा मुळात तिथलीच असून परकी ठरवलेली माणसं पुढे लिहायला लागली. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत हमखास कुणीतरी ट्रंकेच्या तळातून एक फोटो काढतं, बघतं आणि न बोलता परत ठेवतं. हा फोटो इतक्या वेळा का निघतो आणि निघाला की सगळे गप्प का होतात, याचा बाईंनी उभा जन्म विचार केला. त्यांचं म्हणणं असं की ज्या घरात बोलायची चोरी असते, त्या घरात फोटो जपून ठेवतात.

हे वेड त्यांना पुस्तकांतून लागलं नव्हतं. त्यांच्या वडिलांचं फ्रेमांचं दुकान होतं. एखाद्या घरात थोरल्या जावयाशी बिनसलं की त्या घरचा ग्रुप फोटो दुकानात यायचा. गिऱ्हाईक आवाज खाली करून म्हणायचं, "एवढे एक गृहस्थ काढता आले तर बघा." वडील पट्टी लावून गृहस्थ काढायचे. पण गृहस्थ गेले तरी त्यांचा हात बायकोच्या खांद्यावर तसाच राहायचा, कारण तो कापायचा तर घरच्या मुलीचा खांदाही गेला असता. लहानपणी बाई दुकानात बसून ते बिनमालकाचे हात बघत. फोटोत आधी हात बघायची सवय लागली ती तिथे.

पीएच.डी.साठी विषय सांगितला तेव्हा मार्गदर्शक सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अमेरिकेतल्या कुणाकुणाच्या आज्यांचे फोटो बघून तुम्हाला नोकरी कोण देणार? थोर इंग्रज कवी काय मेले?"

"मेलेत ना सर," बाई म्हणाल्या. "म्हणून तर म्हटलं, त्यांना घाई नाही."

सरांनी नाक मुरडलं, पण सही केली. नोकरीही लागली. विभागाच्या टोकाची, स्वच्छतागृहाशेजारची खोली बाईंना मिळाली आणि तिथे त्या निवृत्त होईपर्यंत राहिल्या. खोलीत एक मोठं टेबल, त्यावर भिंग, कापडी हातमोजे, चिमटे आणि पांढऱ्या कागदाचे लहानमोठे तुकडे. ते तुकडे हीच बाईंची पद्धत होती. पहिल्याच तासाला त्या मुलांना फोटो द्यायच्या आणि सांगायच्या, "सगळ्यांची तोंडं झाका. फोटोत सगळ्यात आधी खोटं बोलतो तो चेहरा. फोटोवाला 'हसा' म्हणतो आणि माणूस हसतो. हातांना, बुटांना, मानेला कुणी काही सांगत नाही. ते बघा." मुलं आधी खिदळायची. मग एखादी मुलगी हळूच म्हणायची, "बाई, या बाईंनी मुलाचा हात धरला नाहीय, मनगट धरलंय." की बाईंचा चेहरा उजळायचा. असल्या एका वाक्यासाठी त्या आठवडाभर शिकवायला तयार असत.

आता ज्या फोटोनं त्यांचा घात केला त्याकडे येऊ.

तरुणपणी बाईंना अमेरिकेत राहून काम करायची शिष्यवृत्ती मिळाली होती. तिथे एका बंदराच्या गावात त्यांना एक म्हातारी भेटली. तिच्या आईवडिलांची लाँड्री होती. लाँड्री केव्हाच बंद झाली होती, म्हातारी मात्र तिच्यावरच्याच दोन खोल्यांत राहत होती. ती जन्मली अमेरिकेत, पण आईवडील जपानमधून आलेले. त्या काळी तिथल्या कामकरी पुरुषांना बायको आणायला मायदेशी जाणं परवडत नसे. मग ते आपला फोटो गावी पाठवत. मध्यस्थ तो फोटो मुलीकडच्यांना दाखवत, मुलीचा फोटो इकडे येई, आणि लग्न तिकडेच कागदावर लागून मुलगी बोटीत बसे. बंदरावर उतरली की हातातला फोटो आणि समोरची माणसं ताडून बघत आपला नवरा शोधे. म्हातारीची आई अशीच आली. तिच्या हातातल्या फोटोत एक तरुण होता. बंदरावर तिचं नाव घेऊन पुढे आलेला माणूस तिच्या बापाच्या वयाचा होता.

त्याच दिवशी त्या दोघांचा फोटो काढला गेला. तशी रीतच होती. घरी पाठवायला लागे.

म्हातारीनं तो फोटो बाईंना लगेच दाखवला नाही. आधी बरेच दिवस इतर फोटो दाखवले, चहा पाजला, पोरगी कशी आहे ते जोखलं. एका दुपारी एका नवरीचा फोटो बघताना बाई म्हणाल्या, "हा कोट हिचा नाही. बाही बघा, बोटांवर आलीय." म्हातारी हसली. फोटोवाला नवऱ्या मुलींसाठी एकच कोट ठेवायचा, हे तिला आईनं सांगितलं होतं. त्या दिवशी तिनं कपाटातून तो फोटो काढला.

"पोरी, तू बघ," ती म्हणाली. ती बाईंना पोरीच म्हणायची, आणि बाई तिला मनातल्या मनात मावशी म्हणत. "तुला नकलही करून देते. अभ्यास कर, लिही, सांग लोकांना. पण आईचा चेहरा कुणाला दाखवायचा नाही. मी असेपर्यंत नाही आणि मी गेल्यावरही नाही."

जपानशी लढाई जुंपली त्या काळात अमेरिकन सरकारनं तिथल्या जपानी लोकांना घरांतून उठवून छावण्यांत नेलं, तेव्हा हातात मावेल तेवढंच सामान घ्यायची मुभा होती. आईनं त्या सामानात हा फोटो घेतला. ज्या फोटोकडे ती कधी वळून बघत नसे तोच का घेतला, म्हणून मुलीनं विचारलं होतं. आई म्हणाली होती, "मागे राहिला तर कुणीही बघेल."

बाईंनी शब्द दिला. म्हातारीनं कागदावर काही लिहून घेतलं नाही.

त्या फोटोत चेहऱ्यावर काय होतं हे इथे सांगायचं कारण नाही. तो शब्द दुसरीकडे कुणी पाळला नसला तरी इथे पाळू. पण बाकीचं सांगायला हरकत नाही, कारण ते बाईंनीच जगाला सांगितलं. नवरी खुर्चीत बसलेली, नवरा मागे उभा. तिच्या बुटांच्या नाड्यांच्या गाठी अशा, की त्या दुसऱ्या कुणीतरी समोर बसून बांधल्यात हे कळावं. उजवा हात मांडीवर मोकळा. डाव्या हाताची मूठ आवळलेली, आणि त्या मुठीतून कसल्यातरी जाड कागदाचा चुरगळलेला कोपरा बाहेर आलेला. बाईंनी भिंगाखाली तो कोपरा कित्येक महिने बघितला, त्या काळच्या फोटोंच्या पुठ्ठ्यांशी ताडला आणि दाखवून दिलं की तो एका फोटोचाच कोपरा आहे. ज्या फोटोवर भाळून ती आली तो तरुण तिच्या मुठीत होता. या मुठीवर बाईंनी एक लेख लिहिला आणि तो लेख कुठल्या कुठे गेला. देशोदेशींची मंडळी त्यावर बोलू लागली. लेखासोबतच्या फोटोत नवरीच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा चौकोन होता. "चेहरा का नाही?" असं कुणी विचारलं की बाई म्हणत, "कारण तो मला दिलेला नाही."

आणि मग शेपूट आलं.

तिला हे नाव विभागातल्या शिपायानं ठेवलं. एम.ए.ला आलेली ही मुलगी बाई जिथे जात तिथे मागे जायची. ग्रंथालयात मागे, जिन्यात मागे, बाई स्वच्छतागृहात गेल्या तरी बाहेर फाइल धरून उभी. हुशार होती, भित्री होती आणि चिकट होती. पुढे ती विभागप्रमुख झाली, तिच्या दारावर पितळी पाटी लागली, तरी आपण तिला शेपूटच म्हणू. निदान एवढा तरी सूड घेऊ दे.

बाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांचे यजमान औषधांचं दुकान चालवत आणि बायकोच्या नादाला हसत नसत, हेच त्यांचं मोठेपण. दोघांनी मिळून त्या मुलीला पोटच्या पोरीसारखं वागवलं. ती बाईंच्या घरी जेवायची, बाईंच्या पुस्तकांवर रेघा ओढायची, तिचा प्रबंध बाईंनी ओळ न् ओळ तीनदा वाचला. तिच्या नोकरीसाठी त्यांनी अशा माणसांसमोर शब्द टाकला ज्यांच्याकडे त्या एरवी बघतही नसत. बाईंच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढायचे ठरले, तेव्हा त्यांचे तासही तिनंच घेतले. यजमान तेव्हा म्हणालेसुद्धा, "बरं झालं, आपल्यामागे तुझं काम बघणारं कुणीतरी आहे." बाईंना ते इतकं पटलं की त्यांना भरून आलं.

तिच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला बाई प्रमुख पाहुण्या होत्या. निवृत्तीनंतर प्रथमच त्या विभागाच्या सभागृहात आल्या होत्या. माजी विद्यार्थी, कुलगुरू, प्रकाशक, पेपरचा फोटोग्राफर, सगळे जमलेले. शेपटानं भाषण केलं. "मी जे काही आहे ते बाईंमुळे," असं ती म्हणाली. पुस्तक बाईंनाच अर्पण केलंय हे सांगितल्यावर टाळ्या थांबेनात. मग कागदात गुंडाळून रिबीन बांधलेलं पुस्तक बाईंच्या हातात आलं. बाईंनी हसतहसत रिबीन सोडली, कागद उलगडला आणि सवयीनं पुस्तक लोकांच्या दिशेनं उंच धरलं. फोटोग्राफरनं फोटो काढला. टाळ्या वाजत असतानाच बाईंनी पुस्तक आपल्याकडे वळवलं.

मुखपृष्ठभर तो चेहरा होता. मूठ नाही, कोट नाही, बूट नाही. नुसता चेहरा, कडेपासून कडेपर्यंत.

बाई खाली बसल्या. बोलायला उठवलं तेव्हा "मला बरं वाटत नाही" एवढंच म्हणाल्या, आणि लोकांना वाटलं, आनंदानं कंठ दाटला. घरी येताना रिक्षात त्यांनी आभाराचं पान उघडलं. 'मुखपृष्ठावरील छायाचित्र माझ्या गुरूंच्या संग्रहातून, त्यांच्या परवानगीने.' यजमानांनी दोनदा विचारलं, "काय झालं?" बाईंनी पुस्तक पालथं करून मांडीवर ठेवलं आणि वर दोन्ही हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विभागात गेल्या. शेपूट त्यांच्याच जुन्या खोलीत बसत होतं. खोली रंगवली होती, मोठं टेबल काढलं होतं.

"या ना बाई! काल किती घाबरवलंत आम्हाला. चहा सांगू?"

"परवानगी कधी दिली मी तुला?"

 शेपटानं उठून दार लावून घेतलं. "बाई, ती फाइल तुम्हीच दिलीत ना मला. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं तेव्हा. तासासाठी."

"चेहरा झाकून दिली होती."

"झाकून म्हणजे," ती हसल्यासारखं करत म्हणाली, "फोटोवर नुसता पांढरा चौकोन ठेवला होता तुम्ही. वर्गात चुकून माउस लागला आणि चौकोन बाजूला सरकला. खाली सगळा फोटो तसाच. मला वाटलं, मी बघावं असं तुमच्या मनात असेल. म्हणून तसा दिलाय."

 आयुष्यभर बाईंनी फोटोंवर गोंदानं कागद चिकटवले होते. विभागात कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं स्लाइड करायला शिकून घेतलं, चौकोन काढला, त्यात पांढरा रंग भरला, तो नवरीच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवला आणि तो तिथे चिकटला असं धरून चालल्या. चिकटत नाही, बोटानं ओढला की सरकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही. इतकी वर्षं जो शब्द त्यांनी तळहाताच्या फोडासारखा जपला, तो त्यांनी स्वतःच उघड्या पाकिटात घालून हिच्या हाती दिला होता.

पण पाकीट उघडं आहे म्हणून आतलं कुणी चोरायचं नसतं. बाई म्हणाल्या, "सरकला, तू बघितलंस. परत ठेवायचा होतास. वर्गालाही दिसला?"

"नाही, नाही. मी लगेच झाकला."

"म्हणजे झाकायचा असतो हे कळलं होतं तुला."

शेपटाचा आवाज चढला. "बाई, किती वर्षं आपण ती मूठच दाखवायची? सगळं जग विचारतंय, चेहरा कुठाय. हा चेहरा एकदा बघितला की माणूस विसरत नाही. तुम्हीच शिकवलंत ना, जे झाकलंय तेच बघायला शिका म्हणून?"

"बघायला. विकायला नाही."

"ती नवरी जाऊन किती काळ लोटला. तिची मुलगी आता नव्वदीच्या घरात. त्यांना कुठे कळणार आहे?"

"आणि माझ्या परवानगीनं असं का छापलंस?"

"तसं नसतं लिहिलं तर प्रकाशकानं छापलंच नसतं," ती सहज बोलून गेली. चूक लक्षात आल्यावर मात्र तिनं बाईंचा हात धरला. "बाई, अहो तुमचंच नाव मोठं होतंय त्यानं. रागावू नका ना."

बाईंनी खाली बघितलं. तिनं त्यांचा हात धरला नव्हता, मनगट धरलं होतं. त्यांनी ते सोडवून घेतलं आणि बाहेर पडल्या. जिन्यात त्यांना इतकं रडू आलं की कठडा धरून उभं राहावं लागलं. अंगाखांद्यावर वाढवलेल्या पोरीनं केसानं गळा कापला होता, आणि वर तोंड करून म्हणत होती की मानेला बरं वाटेल.

पुढचे दिवस बाईंनी दारं ठोठावण्यात घालवले. जुन्या सहकाऱ्यांना सांगून बघितलं. त्यातले एक, ज्यांच्यासोबत बाई वर्षानुवर्षं डबा खात आल्या होत्या, ते म्हणाले, "बाई, शिष्य पुढे गेला की जरा जड जातं, मान्य. पण हे बरं दिसत नाही." दुसऱ्या म्हणाल्या, "पुस्तक तुम्हालाच तर अर्पण केलंय!" कुलगुरूंनी कानावर हात ठेवले. मत्सर हा शब्द तोंडावर कुणी उच्चारला नाही, पण बाई खोलीत शिरल्या की बोलणं थांबायचं. स्वतःच्या विभागात त्या अचानक परक्या झाल्या. अशा परकेपणावर त्यांनी कित्येक पानं लिहिली होती. त्यातलं एकही त्यांच्या कामी आलं नाही.

यजमानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाकीचं राहू दे. आधी त्या म्हाताऱ्या बाईंना फोन कर. दुसऱ्याकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे."

"रिकाम्या हातानं काय सांगू त्यांना?" बाई म्हणाल्या. "तुमच्या आईचा चेहरा दुकानादुकानांत लागलाय, आणि मी काही करू शकले नाही? प्रकाशकाला लिहिलंय. पुस्तकं परत घेतो म्हणाला की लगेच करते."

"मला आपलं वाटतं, आजच कर."

"तुम्हाला काय जातंय वाटायला!"

यजमान गप्प बसले. प्रकाशकही गप्प बसला. बाईंनी पुन्हा लिहिलं, फोन केले, एकदा त्याच्या कचेरीत जाऊन बसल्या. तिथे काचेमागे तेच पुस्तक रांगेत मांडलेलं होतं, आणि बाई भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. प्रकाशक शेवटी भेटला. फार सभ्य माणूस. पुस्तक सगळीकडे पोचलंय, मागणीही चांगली आहे, आता परत कसं घेणार, पण दुसरी आवृत्ती निघाली तर तिच्यात छोटासा खुलासा जरूर टाकू, असं म्हणून त्यानं बाईंना दारापर्यंत सोडलं. म्हणजे वाटाण्याच्या अक्षता. इतके आठवडे ज्याची वाट बघितली ते हे.

त्या संध्याकाळी बाईंनी यजमानांना समोर बसवलं आणि फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"मावशी," म्हणायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण इंग्रजीत तसं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी नुसतं आपलं नाव सांगितलं.

"ओळखला आवाज," म्हातारी म्हणाली. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. "पुस्तक मिळालं मला. प्रकाशकानं पाठवलं, तुमच्या लेखात माझं नाव वाचून. सोबत पेपरातलं कात्रणही आहे. फोटो चांगला आलाय तुमचा. पुस्तक हातात उंच धरलंय आणि हसताय."

 तो फोटो कागद उलगडताना काढलेला, तेव्हा मुखपृष्ठ मला दिसलंच नव्हतं, हसू आधीचंच चेहऱ्यावर राहिलं होतं, हे सगळं बाईंनी उलटसुलट सांगितलं. मग चौकोन सांगितला, फाइल सांगितली, प्रकाशक सांगितला. "मी परवानगी दिली नाही. माझ्या नकळत तिनं तो घेतला. मला खरंच माहीत नव्हतं."

 मग म्हातारी म्हणाली, "मी रोज वाट बघत होते. वाटायचं, आज फोन येईल."

"मला वाटलं, आधी पुस्तकं थांबवावीत, मग तुम्हाला सांगावं."

"हो. असेल." म्हातारी म्हणाली. "तुम्हाला एक सांगते. हे मी तेव्हा सांगितलं नव्हतं. बंदरावर वडील आईला हेच म्हणाले होते. तो फोटो धाकट्या भावाचा, मध्यस्थानं परस्पर पाठवला, मला माहीत नव्हतं. भर गर्दीत हात जोडून सांगितलं त्यांनी."

"आणि ते खरं होतं?"

"खरंच असणार. वडील खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. आईलाही ते पटलं होतं, तिनंच मला सांगितलं. त्यांच्यासोबत तिनं सगळा संसार केला, लाँड्री चालवली, आम्हाला वाढवलं, शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं केलं. पण आम्ही सगळे एकाच खोलीत झोपायचो ना, म्हणून मला ठाऊक आहे. ती कायम भिंतीकडे तोंड करून झोपायची."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्याकडून तुमच्यावर राग नाही," म्हातारी म्हणाली. "ती नकल तेवढी परत पाठवा. बरंय, प्रोफेसर. ठेवते."

इतक्या वर्षांत तिनं बाईंना पहिल्यांदाच प्रोफेसर म्हटलं होतं. फोन बंद झाला तरी बाईंनी तो कानाला तसाच लावून ठेवला. यजमानांनी उठून तो त्यांच्या हातातून हलकेच काढून घेतला आणि शेजारी बसले.

"ठेवला का त्यांनी विश्वास?" त्यांनी विचारलं.

"ठेवला," बाई म्हणाल्या. "त्यांच्या आईनंही ठेवला होता."